खर्च करणे, खर्च येणे, खर्ची टाकणे : व्यवस्थापकीय वित्ताची मूलतत्त्वे आणि मराठी व्यवहारभाषा

व्यवस्थापकीय वित्त हा विषय विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आता चांगला रुळला आहे. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्थेची स्थापना झाली. तेव्हापासून या शास्त्राचे औपचारिक अध्यापन येथे सातत्याने चालत आले आहे. तथापि या विषयाच्या उंबरठ्यावर मराठी विद्यार्थी अडखळतो, असा अनुभव सार्वत्रिक आहे. गणित कठीण असते म्हणून तो अडखळतो, असे मात्र दिसत नाही; बेरीज, वजाबाकी आणि भागाकार यांपलीकडचे गणित प्रारंभिक भागात क्वचितच लागते. अडचण निराळीच असते. परिभाषेतले संस्कृतोद्भव शब्द त्याला पाठ होतात. पण ते शब्द ज्या भेदांची नावे आहेत, ते भेद त्याच्या मनात उतरत नाहीत.

वस्तुतः हे भेद मराठी बोलणाऱ्यांस अपरिचित नाहीत. वाणी, खानावळवाली, कारखानदार आणि गृहिणी ते नित्य बोलून दाखवितात. फक्त नामांतून न दाखविता क्रियापदांतून दाखवितात. प्रस्तुत निबंधाचा हेतू मर्यादित आहे. धंद्यातील निर्णयांस लागणारी वित्तशास्त्राची चार-पाच मूलतत्त्वे मराठी व्यवहारभाषेच्या आधाराने स्पष्ट करावयाची, आणि ती समजल्याने वा न समजल्याने काय घडते हे मुंबईच्या, विशेषतः माहीम ते परळ या पट्ट्याच्या, इतिहासातील उदाहरणांनी दाखवावयाचे, इतकाच तो आहे.

१. एका शब्दाची तीन क्रियापदे

‘खर्च’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘बाहेर जाणे’ असा आहे. ‘जमा’, ‘बाकी’, ‘नफा’ आणि ‘हिशेब’ हे त्याचेच सोबती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. परंतु बाजारपेठेने आपले शब्द सोडले नाहीत. आज ‘परिव्यय’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत आहे, दुकानात मात्र ‘खर्च’च आहे. यामुळे असे वाटू शकते की, बाजारातला शब्द ढोबळ आणि पुस्तकातला काटेकोर. वाक्ये तपासली असता हे मत टिकत नाही.

‘त्याने भांड्यांवर साठ हजार रुपये खर्च केले’, ‘एका डब्यास एकोणीसशे रुपये खर्च येतो’ आणि ‘भांड्यांची झीज दरमहा हजार रुपयांप्रमाणे खर्ची टाकली’ ही तीन वाक्ये पाहावीत. पहिल्यात कर्ता आहे, क्षण आहे आणि हातातून गेलेली रोकड आहे. दुसऱ्यात कर्ता नाही. तेथे एखाद्या वस्तूच्या वा सेवेच्या निर्मितीस किती मोल लागते, हे सांगितले आहे. ‘खर्च पडतो’, ‘खर्च बसतो’ हे प्रयोगही याच जातीचे. तिसऱ्या वाक्यात एका कालावधीच्या हिशेबात मांडलेली रक्कम आहे. त्या महिन्यात हातातून एक पैसाही गेलेला नसेल. वित्तशास्त्राने या तिघांना तीन निरनिराळी नावे दिली आहेत. मराठीने एकच नाव ठेवून तीन क्रियापदे वापरली. भेद दोन्हीकडे सारखाच आहे, हे विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशी दाखवून दिले पाहिजे.

हा भेद नीट ध्यानात यावा यासाठी एक काल्पनिक, परंतु नित्य आढळणारे उदाहरण घेऊ. माहीम स्थानकाच्या परिसरात एक स्त्री एक लहान गाळा भाड्याने घेऊन डबे पुरविण्याचा धंदा करते. तिची गिऱ्हाइके ४०, आणि प्रत्येकाचा मासिक दर ३,००० रुपये. धान्य, भाजी, तेल, गॅस आणि पोचविण्याची मजुरी मिळून दर गिऱ्हाइकामागे १,९०० रुपये खर्च येतो. गाळ्याचे भाडे १८,००० रुपये, मदतनीस बाईचे वेतन १२,००० रुपये आणि वीज-पाणी २,००० रुपये. प्रारंभी तिने भांडी, शेगड्या आणि डबे यांवर ६०,००० रुपये खर्च केले. हे साहित्य पाच वर्षे टिकेल असा अंदाज आहे.

आता हे ६०,००० रुपये पहिल्या महिन्याचा खर्च मानावेत काय? तसे मानल्यास पहिला महिना भयंकर तोट्याचा आणि पुढील ५९ महिने खोट्या नफ्याचे ठरतील. म्हणून ही रक्कम पाच वर्षांवर वाटावयाची : वर्षाला १२,००० रुपये, महिन्याला १,००० रुपये. हाच घसारा. घासून झीज होते, ती झीज म्हणजे घसारा, इतका हा शब्द पारदर्शक आहे. एवढे असूनही घसारा म्हणजे बाजूला काढून ठेवलेले पैसे, अशी समजूत सर्रास आढळते. घसारा खर्ची टाकल्याने कोठेही पैसा साठत नाही. नफ्याचा आकडा तेवढा कमी दिसतो आणि तेवढी रक्कम वाटून टाकण्याचा मोह टळतो. ती खरोखर राखून ठेवावयाची की नाही, हा स्वतंत्र निर्णय आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात या निर्णयास फार मोठे स्थान आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. त्यानंतर अर्धशतकाच्या आत परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. पहिल्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या तेजीत अनेक गिरण्यांनी भागधारकांस भरघोस लाभांश वाटले. मंदी आली तेव्हा यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणास पैसा उरला नव्हता. १९२७ च्या टॅरिफ बोर्डाच्या अहवालात या प्रवृत्तीवर बोट ठेवलेले आढळते. दुसऱ्या महायुद्धात यंत्रे अहोरात्र चालली आणि झीज अधिकच झाली. शिवाय घसारा हा मूळ खरेदीच्या किमतीवर धरला जातो. महागाईच्या काळात तोच माग पुन्हा घ्यावयाचा तर ती रक्कम अपुरी पडते. वहीतील नफा आणि धंद्याची प्रकृती यांत असे अंतर पडत गेले.

२. गिऱ्हाइकाबरोबर वाढणारा खर्च आणि न वाढणारा खर्च

माहीमच्या उदाहरणातील खर्चाची दोन गटांत विभागणी करता येते. दर गिऱ्हाइकामागे येणारे १,९०० रुपये गिऱ्हाइकांच्या संख्येप्रमाणे कमीअधिक होतात. हा बदलता खर्च. भाडे, वेतन, वीज आणि घसारा मिळून ३३,००० रुपये मात्र गिऱ्हाइके दहा असोत की चाळीस असोत, द्यावेच लागतात; हा स्थिर खर्च. एका गिऱ्हाइकाकडून ३,००० रुपये येतात आणि त्यातले १,९०० रुपये त्याच्याच जेवणात जातात. उरलेले १,१०० रुपये प्रथम स्थिर खर्च भागविण्यास आणि तो भागल्यावर नफ्यास हातभार लावतात. या १,१०० रुपयांस परिभाषेत अंशदान म्हणतात.

३३,००० रुपयांस १,१०० ने भागले असता ३० येतात. तीस गिऱ्हाइकांवर नफाही नाही आणि तोटाही नाही. एकतिसाव्यापासून प्रत्येक गिऱ्हाईक १,१०० रुपयांचा निव्वळ लाभ देते. चाळीस गिऱ्हाइकांवर मासिक नफा ११,००० रुपये होतो. ‘ना नफा ना तोटा’ हा बिंदू काढावयास एवढा एकच भागाकार लागतो. परंतु तो न काढता धंद्यात उतरणारे लोक किती असतात, हे कोणत्याही बाजारपेठेत वर्षभरात बदलणाऱ्या पाट्यांवरून समजते.

या विभागणीचा खरा उपयोग निर्णयाच्या वेळी होतो. समजा, माहीममधील एका कचेरीने १० डबे मागितले, पण दर २,४०० रुपयेच देऊ केला. सरासरी काढणारा मनुष्य म्हणेल : एकूण खर्च १,०९,००० रुपये, डबे ४०, म्हणजे एका डब्यास २,७२५ रुपये पडतात, २,४०० ला देणे म्हणजे तोटा. हा हिशेब चुकीचा आहे. नव्या दहा डब्यांमुळे भाडे वाढत नाही आणि मदतनीस बाईचे वेतनही वाढत नाही, असे धरल्यास वाढीव खर्च दर डब्यास १,९०० रुपयेच आहे. म्हणून ५०० रुपयांप्रमाणे ५,००० रुपये अधिक मिळतील. निर्णयास सरासरी खर्च लागत नाही. त्या निर्णयामुळे बदलणारा खर्च लागतो.

मात्र या नियमालाही एक सीमा आहे. जुन्या चाळीस गिऱ्हाइकांच्या कानी ही गोष्ट गेली आणि त्यांनीही २,४०० चाच दर मागितला, तर पन्नास डब्यांवर अंशदान २५,००० रुपये होईल आणि स्थिर खर्च ३३,००० रुपये असल्याने ८,००० रुपयांचा तोटा येईल. तात्पर्य, वाढीव खर्चाचा नियम एका सुट्या निर्णयास लागू पडतो. तो धंद्याचे कायमचे धोरण बनला की स्थिर खर्च कोणीच भागवीत नाही. पहिले वाक्य शिकून दुसरे विसरणारा विद्यार्थी काहीच न शिकलेल्यापेक्षा अधिक धोकादायक ठरतो.

३. दिसणारा नफा आणि हाती येणारी रोकड

‘पैसा’ या शब्दाभोवती मराठीने उभारलेली क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. पैसा गुंततो, अडकतो, खेळतो, फिरतो, सुटतो आणि बुडतो. यांपैकी ‘खेळते भांडवल’ हा प्रयोग परिभाषेतही स्वीकारला गेला, आणि तो अत्यंत अन्वर्थक आहे. रोकडीचे धान्य होते, धान्याचे जेवण होते, जेवणाची उधारी होते आणि उधारी वसूल झाली की पुन्हा रोकड होते. हे चक्र जितके दिवस चालते तितके दिवस पैसा अडकून राहतो.

माहीमची ती स्त्री महिनाअखेरीस पैसे घेत असेल, तर पहिल्या महिन्यात तिला घसारा वगळून १,०८,००० रुपये आधी घालावे लागतील आणि साहित्याचे ६०,००० रुपये निराळेच. म्हणजे महिन्याला ११,००० रुपये नफा ‘दिसणारा’ धंदा सुरू करावयास १,६८,००० रुपये हाताशी हवेत. आणखी असे की, धंदा वाढला म्हणजे ही गरज कमी होत नाही, वाढते. गिऱ्हाइके ४० ची ६० झाली तर नफा २२,००० रुपयांनी वाढेल हे खरे. परंतु तो महिनाअखेरीस. तत्पूर्वी ३८,००० रुपयांचे जादा सामान भरावे लागेल आणि मागील महिन्याचे हाती उरलेले १२,००० रुपये त्यास पुरणार नाहीत. नफ्यात चाललेला धंदा रोकडीवाचून बंद पडतो, या विधानात विरोधाभास वाटतो तो नफा आणि रोकड एकच समजल्यामुळे.

गिरणगावातील खानावळवाल्यांचे जीवन या एकाच भेदावर उभे होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून मुंबईत एकेकटे राहत. त्यांचे जेवण खानावळीत असे आणि पैसे पगार झाल्यावर मिळत. खानावळवाली मात्र वाण्याकडून धान्य उधार घेई किंवा जबर व्याजाने कर्ज काढी. पगाराचा दिवस आणि बाजाराचा दिवस यांतील अंतर तिच्या श्रमांनी आणि तिच्या दागिन्यांनी भरून निघत असे. १९७३-७४ च्या बेचाळीस दिवसांच्या संपात कामगारांच्या हाती पगार आला नाही. जेवण मात्र चालूच राहिले. उधारी वाढत गेली आणि सावकाराचे व्याजही वाढत गेले. या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि परस्परांच्या जामिनकीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिले. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणाने जी शक्यता निर्माण झाली होती, ती गहाण ठेवावयास काही नसलेल्या स्त्रीपर्यंत अशा रीतीने पोचली.

या कर्जाने काय बदलले, हे माहीमच्या उदाहरणातील आकड्यांवरून समजेल. सोयीसाठी १,०८,००० रुपये महिनाभर अडकतात असे धरू. सावकाराचा दर महिन्यास शेकडा ५ असेल, तर व्याज ५,४०० रुपये आणि ११,००० रुपयांच्या नफ्यातून हाती ५,६०० रुपये राहतील. बँकेचा दर वर्षास शेकडा १२, म्हणजे महिन्यास शेकडा १ असेल, तर व्याज १,०८० रुपये आणि हाती ९,९२० रुपये. भाजी तीच, घाम तोच, गिऱ्हाइकेही तीच. केवळ भांडवलाचा दर बदलल्याने उत्पन्न दुपटीच्या जवळ जाते. स्वयंपाकाच्या कौशल्यात कोणतीही सुधारणा करून हा फरक साधला नसता.

याच आकड्यांवरून आणखी एक निर्णय करता येतो. गिऱ्हाइकांनी आगाऊ पैसे द्यावेत म्हणून शेकडा ५ सूट देऊ केली, तर महिन्यास ६,००० रुपयांवर पाणी सोडावे लागेल. सावकाराच्या ५,४०० रुपयांशी ही रक्कम तुल्य आहे. उधारी बुडण्याचे भय जमेस धरले तर सूट देणेच शहाणपणाचे ठरू शकेल. बँकेचे कर्ज मिळणाऱ्या स्त्रीने मात्र अशी सूट देणे म्हणजे १,०८० रुपये वाचविण्यासाठी ६,००० रुपये देणे होय. एकच सूट एकीस योग्य आणि दुसरीस अयोग्य. वित्तशास्त्रात सर्वांना लागू पडणारी उत्तरे थोडी असतात. सर्वांनी विचारावयाचे प्रश्न मात्र समान असतात.

४. बुडालेला पैसा आणि सोडलेली संधी

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती आणि लोक होडीने पलीकडे जात. १८४० च्या दशकात तेथे जोडरस्ता बांधला गेला तो सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांच्या देणगीतून. प्रथम त्यांनी एक लाख रुपये दिले. काम चालू असता ते अपुरे पडले, तेव्हा आणखी ५७,००० रुपये दिले. वापरणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये, ही त्यांची अट होती. माहीमचा मुख्य रस्ता आजही लेडी जमशेटजी यांच्या नावाने ओळखला जातो.

दुसऱ्या देणगीच्या वेळचा प्रश्न वित्तशास्त्राच्या दृष्टीने उद्बोधक आहे. सामान्य मनुष्य म्हणेल, ‘एक लाख घातले आहेत, ते वाया जाऊ नयेत म्हणून ५७,००० घालावेत.’ निर्णय योग्य, कारण अयोग्य. घातलेले एक लाख दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. ते निर्णयाच्या पलीकडचे होत. खरा प्रश्न असा : आता ५७,००० रुपयांस पुरा जोडरस्ता मिळतो, तो त्या किमतीस घ्यावा की नाही? येथे उत्तर निःसंशय होकारार्थी होते. परंतु अपुऱ्या कामास आणखी ५ लाख लागले असते, तर ‘आधीचे वाया जातील’ हे कारण पुढे करून ते घालणे चुकीचे ठरले असते. मराठीत ‘बुडीत’ हा शब्द आहे. पण बुडीत पैशामागे चांगला पैसा पाठवू नये, हा विवेक शब्दाबरोबर आपोआप येत नाही.

बुडालेला पैसा वहीत दिसतो, पण निर्णयात धरावयाचा नसतो. सोडलेली संधी याच्या नेमकी उलट असते : ती वहीत दिसत नाही, पण निर्णयात धरावी लागते. माहीमच्या उदाहरणात एक खर्च मुद्दाम गाळला होता. त्या स्त्रीचे स्वतःचे श्रम कोठेच मांडलेले नाहीत. तिला अन्यत्र स्वयंपाकाचे काम करून महिन्यास १५,००० रुपये मिळत असतील, तर ११,००० रुपयांचा नफा हा वस्तुतः ४,००० रुपयांचा तोटा आहे. हे १५,००० रुपये स्थिर खर्चात धरले तर तिला ३० नव्हे, ४४ गिऱ्हाइके लागतील. घरच्या माणसांच्या राबण्यावर चालणारे असंख्य लहान धंदे वर्षानुवर्षे नफ्यात दिसतात त्याचे रहस्य येथे आहे. त्यांचा नफा म्हणजे बव्हंशी घरातील स्त्रीचे न दिलेले वेतन असते. अर्थात स्वातंत्र्य, मुलांजवळ राहता येणे, पुढे धंदा वाढण्याची आशा या गोष्टींसाठी ती ४,००० रुपये सोडावयास तयार असेल. तो तिचा अधिकार आहे. परंतु आपण किती सोडतो हे तिला कळलेले असावे.

गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्नही याच तत्त्वाने उलगडतो. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९८३ मध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने हाती घेतले. वहीत गिरणीची जमीन शतकापूर्वीच्या किमतीस मांडलेली होती. बाजारात तिचे मोल कित्येक पटींनी वाढले होते. कापड विणण्यात जमीन अडकवून ठेवणे म्हणजे ती विकून येणारी रक्कम रोज सोडणे, असा हिशेब मालकांच्या बाजूने मांडता येत होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमाने जमिनीची विक्री करावयाची झाल्यास मोकळ्या जागा, सार्वजनिक घरबांधणी आणि मालक अशी स्थूलमानाने तीन वाटण्यांची तरतूद केली. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. दादर येथील कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांस विकली गेली.

सोडलेल्या संधीचे तत्त्व येथे निर्विवाद लागू पडते. पण ते कोणाच्या संधीविषयी बोलते, हे विचारले पाहिजे. मालकाची सोडलेली संधी रुपयांत मांडता आली. कामगाराने गमावलेल्या रोजगाराचे आणि शहराने गमावलेल्या मोकळ्या जागेचे मोल कोणत्याच ताळेबंदात नव्हते. हिशेब अचूक असूनही अपुरा असू शकतो.

५. काळाचे मोल

‘हुंडी वटविणे’ हा प्रयोग पुष्कळांस ठाऊक आहे. मुदतीनंतर मिळावयाची रक्कम आज हवी असेल, तर वटाव कापून घेऊन सराफ ती देई. उद्याचा रुपया आजच्या रुपयाहून लहान असतो, हे तत्त्व या पेढ्यांत विद्यापीठांच्या फार पूर्वी प्रचारात होते. आधुनिक वित्तशास्त्रातील ‘वर्तमान मूल्य’ म्हणजे अनेक वर्षांच्या अपेक्षित प्राप्तीवर एकाच वेळी लावलेला वटाव होय.

समजा, चपात्या करण्याचे यंत्र १,२०,००० रुपयांस मिळते आणि चार वर्षे दरसाल ४०,००० रुपये वाचविते. साधी बेरीज १,६०,००० रुपये होते आणि ४०,००० रुपयांचा लाभ दिसतो. परंतु भांडवलाचा दर शेकडा १२ असेल, तर पहिल्या वर्षाअखेरचे ४०,००० रुपये आज ३५,७१४ रुपयांच्या, दुसऱ्याचे ३१,८८८ च्या, तिसऱ्याचे २८,४७१ च्या आणि चौथ्याचे २५,४२१ च्या योग्यतेचे ठरतात. एकूण १,२१,४९४ रुपये. लाभ ४०,००० रुपयांचा नसून जेमतेम १,४९४ रुपयांचा आहे. दर शेकडा १५ असता हीच बेरीज सुमारे १,१४,२०० रुपये होते आणि यंत्र घेणे तोट्याचे ठरते. सावकाराच्या दराने तर विचारच करावयास नको. ज्याला स्वस्त भांडवल मिळते त्याला दूरचे पाहणे परवडते आणि ज्याला महाग मिळते त्याला आजच्यापुरतेच पाहावे लागते. गरिबाच्या अदूरदृष्टीविषयी जे बोलले जाते, त्यातील बराच भाग वस्तुतः व्याजाच्या दराचे वर्णन असतो.

६. निर्णय करणारा कोण?

येथवरच्या सर्व तत्त्वांत एक गृहीतक आहे : निर्णय करणारा आणि परिणाम भोगणारा एकच. माहीमच्या डबेवालीच्या बाबतीत ते खरे आहे. कंपनीच्या बाबतीत नाही. मुंबईच्या प्रारंभीच्या गिरण्या व्यवस्थापक अभिकर्त्यांच्या हाती असत आणि त्यांची दलाली पुष्कळदा उत्पादनावर ठरलेली असे; दर पौंड सुतामागे पाव आणा ही पद्धत प्रसिद्ध आहे. अशा अभिकर्त्यास सूत विकले जावो वा न जावो, नफा होवो वा न होवो, जितके अधिक सूत निघेल तितका लाभ. गोदामात माल पडून राही आणि भागधारकांचा पैसा अडके. पण अभिकर्त्याच्या दृष्टीने त्याचा निर्णय बिनचूकच असे. जमशेटजी टाटा यांनी आपल्या गिरण्यांत नफ्यावर आधारलेली दलाली पत्करून या प्रथेस वेगळे वळण दिले. व्यवस्थापक अभिकर्ता पद्धती कायद्याने एप्रिल १९७० मध्ये संपुष्टात आली. तिच्यातून मिळणारा धडा मात्र कालबाह्य झालेला नाही : एखाद्या संस्थेचे निर्णय तपासताना निर्णय करणाऱ्याचा मोबदला कशावर ठरतो, हे आधी पाहावे.

७. समारोप

वरील विवेचनातून जे प्रश्न निघतात ते थोडक्यात असे. ही रक्कम खर्च केली, खर्च आली की खर्ची टाकली? या निर्णयामुळे कोणता खर्च बदलतो आणि कोणता बदलत नाही? दिसणारा नफा हाती केव्हा येणार आणि तोवर पैसा कोण पुरविणार? काय आधीच बुडाले आहे आणि कोणती संधी आपण सोडतो आहोत? पुढच्या वर्षांच्या प्राप्तीवर वटाव किती? आणि शेवटी, हा निर्णय करणारा परिणामांचा धनी आहे काय? या प्रश्नांस पारिभाषिक नावे आहेत आणि ती शिकणे आवश्यकच आहे, कारण त्यांच्यावाचून शास्त्रीय ग्रंथ वाचता येत नाहीत. तथापि नाव आधी आणि भेद मागून, हा क्रम उलटला पाहिजे.

मराठीतून वाणिज्य शिकविणाऱ्यांपुढे ‘प्रतिशब्द कोणता?’ हा प्रश्न आजवर प्रामुख्याने राहिला. त्याच्या जोडीस ‘हा भेद मराठी माणूस आज कोणत्या वाक्यात करतो?’ हा प्रश्न ठेवल्यास अध्यापनाचे निम्मे काम हलके होईल. त्यासाठी पेढ्या, खानावळी, गाळे आणि कारखाने यांतील बोलण्याचे पद्धतशीर संकलन व्हावयास हवे. गिरण्यांबरोबर गिरणगावाची व्यवहारभाषाही विरळ होत आहे. ज्यांनी उधारीवर जेवण घातले आणि त्याचा हिशेब तोंडी ठेवला, त्या पिढीतील स्त्रिया अद्याप हयात आहेत, तोवर हे संकलन शक्य आहे. भाषाविभाग आणि वाणिज्यविभाग यांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे आणि त्याचा लाभ दोन्ही शास्त्रांस सारखाच होईल.